पेडल, वायर आणि डिझेल पंप

पाय उचलला तरी इंजिन ओरडतच राहते, याला आमच्याकडचे ड्रायव्हर 'गाडी रेस धरून बसली' म्हणतात. या बिघाडाला शंभर वर्षांचा इतिहास आहे असे मी म्हणालो की घरातली मंडळी हसतात. पण मास्तरकीची सवय काही जात नाही, तेव्हा ऐका.

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबुर्गला यशस्वी झाले. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि तेल आत पडताच पेटते. पण ते तेल फवारायला वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे, म्हणून हे इंजिन बरीच वर्षे कारखान्यांत आणि जहाजांतच राहिले. १९२७ मध्ये बॉश कंपनीने तेलाचा आटोपशीर पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतला, तेव्हा कुठे डिझेल रस्त्यावर आले. इथेच पेडलचा अर्थ बदलला. पेट्रोल गाडीत पेडल हवेची झडप उघडते. जुन्या डिझेल गाडीत बहुधा हवेला अडसरच नसतो. पेडल फक्त पंपाला सांगते, तेल वाढव.

आपल्याकडे डिझेल इंजिन आधी ओळखीचे झाले ते विहिरीवर. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली स्थापन झाली. विहिरीवरच्या इंजिनाला पेडल नसते, त्याचा वेग गव्हर्नर सांभाळतो. गाडीच्या पंपातही गव्हर्नर असतो, पण त्याच्यावर माणसाचा पाय आला.

रिसोडला रेल्वे नाही. वाशीम, मेहकर, हिंगोली कुठेही जायचे तर एसटी नाहीतर जीप. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, पुढे पुण्याहून ट्रॅक्स आली, आणि दहाच्या जागी पंधरा माणसे बसू लागली! डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली आणि डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे साल लक्षात राहायला सोपे.

काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या जुन्या डिझेल गाडीने अशीच रेस धरली. तो पंप बदलायच्या गोष्टी करू लागला. आमच्या मिस्त्रीने आधी पायाखालचे मॅट काढून टाकले, मग इंजिन बंद ठेवून पंपाच्या लिव्हरवरून वायर सोडवली. लिव्हर बोटाने ढकलला, तो टपकन परत आला. "सर, पंप चांगला हाय. वायरच धरते." वायर बाहेर काढली तर नळीच्या वळणापाशी तिचे दोन तार तुटून फुलले होते. तेल घालून चार दिवस चालली असती, पण त्याने ऐकले नाही, नवीनच टाकली. साखळी मधोमध तोडायची आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहायचे, ही रीत मला व्याकरण शिकवताना सुचली असती तर बरे झाले असते. असो.

चालत्या गाडीत असे झाले तर क्लच दाबून न्यूट्रल करावे आणि ब्रेक दाबून धरावा. इंजिन किंचाळेल, पण गव्हर्नर त्याला हद्दीबाहेर जाऊ देत नाही. डिझेल गाडीत ब्रेकच्या मदतीला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तो इंजिन चालू असेतो काम करतो. म्हणून किल्ली गाडी थांबल्यावरच फिरवावी. आधी फिरवली तर ती मदत जाते आणि स्टिअरिंगही अडकू शकते.

आता वायर गेली. पेडलखाली सेन्सर असतो, हुकूम विजेने जातो. गंमत म्हणजे वायरचे ते घर्षण पायाला सवयीचे झालेले, म्हणून नव्या पेडलमध्ये मुद्दाम घर्षणाचा एक तुकडा बसवला गेला. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा झिजून आणि दमटपणाने चिकटणारा भाग हाच निघाला. दुरुस्ती म्हणून त्यात पोलादाची एक छोटी पट्टी घातली गेली. अशा वेळी कॉम्प्युटर लावला तर तो एवढेच सांगेल की पेडल दाबलेले आहे, आणि ते खरेही असते. पेडल परत का येत नाही हे पाहायला मिस्त्रीला अजूनही खाली वाकून ते हातानेच दाबावे लागते.