वाङ्मयकृती, पण परवान्यावर

साहित्य कशाला म्हणावे, या प्रश्नावर मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली आहे. भारतीय कायद्याने मात्र १९८४ साली ही कक्षा एका दुरुस्तीने रुंदावली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ‘वाङ्मयकृती’ या संज्ञेत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. कादंबरी आणि दुकानाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर ही कायद्यापुरती भावंडे ठरली. ही केवळ गंमत म्हणून सोडून देता येत नाही. या नात्याची किंमत आज वाचकाला मोजावी लागत आहे, असे आम्हांला वाटते.

मोठ्या संगणकयंत्रांच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअर ही बहुधा वेगळी विकण्याची वस्तू नव्हती. आयबीएमसारखी कंपनी ते यंत्राबरोबरच देत असे. जून १९६९ मध्ये आयबीएमने दोहोंच्या किमती वेगळ्या करण्याचे जाहीर केले आणि स्वतंत्र सॉफ्टवेअरच्या बाजाराला बळ आले. विकायचे म्हटले की मालकीचा प्रश्न आलाच. अमेरिकेने १९८० मध्ये आज्ञावलीची व्याख्या आपल्या कॉपीराइट कायद्यात घातली. पुढे १९९४ च्या ट्रिप्स कराराने आज्ञावलींना वाङ्मयकृतींप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर आले.

लेखकाचे हक्क असे आज्ञावलीकडे आले. वाचकाचे मात्र आले नाहीत. विकत घेतलेले पुस्तक आपण मित्राला देतो, रद्दीत घालतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतो. हा हक्क प्रकाशकांनी सुखासुखी मान्य केला होता असे नाही. बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत सूचनाच छापली होती, की एक डॉलरहून कमी किमतीस ती विकल्यास कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची सत्ता कॉपीराइटच्या आधारे चालत नाही.

कादंबरीच्या प्रकाशकाला जे साधले नाही, ते सॉफ्टवेअर-कंपन्यांनी साधले. त्यांनी ‘विक्री’ हा शब्दच टाळला व ‘परवाना’ हा शब्द घेतला. ग्राहकाने किंमत मोजायची, पण मिळवायची ती वापराची अनुमती: इतकी यंत्रे, इतके वापरकर्ते, इतकी मुदत. १९९६ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने वेष्टनातील अशा अटी बंधनकारक ठरवल्या. २०१० मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकू पाहणाऱ्याविरुद्ध निर्णय दिला, कारण मूळ ग्राहक मालक नव्हता, परवानाधारक होता. बंद पडलेल्या कचेरीची कपाटे विकता येतात. तिचे सॉफ्टवेअर विकता येईलच असे नाही.

आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक भेद केला. अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा ठरला. त्यास किमान सात दिवसांची कैद आहे. वापर धंद्यासाठी किंवा लाभासाठी नसेल, तर न्यायालय केवळ दंडावर सोडू शकते. पुस्तकाची चोरटी प्रत केवळ वाचल्याबद्दल वाचकासाठी असे कलम नाही.

परवाना हे बंधनाचेच हत्यार असते असे नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या जीपीएल या परवान्याने कॉपीराइटचाच आधार घेऊन प्रत काढण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य राखले. लिनक्सचा गाभा त्याच परवान्यावर आहे, आणि व्यापारी कंपन्याही तो वापरतात.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी चिंतेची बाब अशी, की परवाना आता पुस्तकाकडे आला आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ यांच्या काही विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत मिळाले. परंतु छापील प्रत परत नेण्यासाठी कोणालातरी दार ठोठवावे लागले असते.

म्हणून महाविद्यालयाचे ग्रंथालय ई-पुस्तकांचा करार करते, तेव्हा तो केवळ लेखाविभागाकडे सोपवू नये, अशी आमची अपेक्षा आहे. वर्गणी थांबल्यावर आपल्या कपाटात काय उरणार, हे साहित्याच्या अध्यापकांनी सहीपूर्वी विचारले पाहिजे.