स्थितिक विश्लेषण आणि जावा संहितेची गुणवत्ता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाची आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता केवळ तिच्या वाचनावरून तिच्यातील दोष शोधण्याच्या प्रक्रियेस 'स्टॅटिक ॲनालिसिस' अर्थात स्थितिक विश्लेषण असे म्हणतात. ग्रंथनिर्मितीत मुद्रितशोधकाचे जे स्थान, तेच आज्ञावलीच्या निर्मितीत या साधनांचे आहे. मात्र मुद्रितशोधक समासात खूण करून थांबतो. स्थितिक विश्लेषणाचे साधन नियमभंग झाल्यास पुढील काम अडवूही शकते. हा अधिकार यंत्रास किती आणि केव्हा द्यावा, हा प्रश्न या साधनांच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. प्रस्तुत लेखात जावा भाषेच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

१९७६ साली आयबीएममधील मायकेल फेगन यांनी संहितेच्या सामूहिक तपासणीची शिस्तबद्ध पद्धती प्रसिद्ध केली. ही तपासणी माणसांनी करावयाची असल्याने वेळखाऊ होती. त्याच दशकात बेल लॅबोरेटरीजमधील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' हे साधन रचले व १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ते सर्वत्र पोहोचले. कापडाला चिकटलेल्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. संहितेवरील तसे तंतू वेचणे हे या साधनाचे काम. कंपायलरने भाषांतर वेगाने करावे आणि काटेकोर तपासणी स्वतंत्र साधनाने करावी, अशी श्रमविभागणी यामागे होती. लिंटची तक्रार अनाठायी वाटल्यास संहितेत ठराविक शेरा लिहून त्यास गप्प करण्याची सोयही होती.

अशी सोय ठेवणे अपरिहार्य होते. हेन्री राइस यांनी १९५३ साली मांडलेल्या प्रमेयानुसार, आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही सार्थ प्रश्नाचे प्रत्येक आज्ञावलीसाठी अचूक उत्तर देणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही. त्यामुळे विश्लेषकाकडून काही खरे दोष निसटतात, किंवा निर्दोष संहितेवर खोटा ठपका येतो. अनेकदा दोन्ही घडते. यंत्राचा निर्णय अंतिम मानण्यास ही मूलभूत अडचण आहे.

जावा आणि तिची साधने

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा भाषा प्रकाशात आणली. जावाची संहिता प्रथम बाइटकोडमध्ये रूपांतरित होते आणि तो बाइटकोड चालविण्यापूर्वी त्याची पडताळणी होते. म्हणजे स्थितिक विश्लेषण या भाषेच्या पायातच आहे. तथापि कंपायलर व पडताळणी या दोन्ही चाळण्यांतून पुष्कळ दोष सुटतात. एखाद्या वर्गात समानता ठरविणारी 'इक्वल्स' ही पद्धत नव्याने लिहिली, पण तिच्या जोडीची 'हॅशकोड' लिहावयाची राहिली, तर कंपायलर तक्रार करीत नाही. मात्र हॅशमॅपमध्ये ठेवलेली वस्तू पुढे शोधूनही सापडत नाही.

ही उणीव भरून काढणारी मुक्त साधने २००० नंतरच्या दशकात आली. २००१ मधील 'चेकस्टाइल' मुख्यतः मांडणी व नामकरणाचे संकेत तपासते. अशा संकेतांना सनच्याच लेखनसंकेतांचा आधार होता. ओळ ८० अक्षरांहून लांब नसावी, हा त्यांपैकी एक. २००२ मधील 'पीएमडी' मूळ संहितेच्या रचनावृक्षावर नियम लावते. मेरीलँड विद्यापीठातील डेव्हिड होवमेयर व विल्यम प्यू यांचे 'फाइंडबग्ज' बाइटकोडमध्ये दोषांचे परिचित आकृतिबंध शोधते. २००४ साली त्यांनी दाखविले की, साध्या तंत्रांनीही अनुभवी लेखकांच्या प्रचलित आज्ञावल्यांत ढोबळ चुका सापडतात. फाइंडबग्जची अखेरची आवृत्ती २०१५ साली निघाली. पुढे त्याचा वारसा 'स्पॉटबग्ज'ने चालविला.

सक्तीचा अनुभव

अँट, मेव्हन यांसारख्या बांधणी-साधनांशी ही साधने जोडली गेली आणि नियमभंग झाल्यास बांधणीच थांबविणे शक्य झाले. परंतु सक्ती आणि गुणवत्ता यांचे नाते सरळ नाही. २००४ च्या जावा ५ मध्ये आलेल्या 'सप्रेसवॉर्निंग्ज' या टिपणीने सूचना दडपता येते. लिंटच्या शेऱ्यांचेच हे नवे रूप होय. प्रत्येक पद्धतीवर स्पष्टीकरण हवे, असा नियम केल्यास पद्धतीचे नावच वाक्यरूपात पुन्हा लिहून तो पाळता येतो. नियम पाळला जातो, हेतू हरवतो.

या संदर्भात दोन अनुभव बोधप्रद आहेत. मे २००९ मध्ये गूगलने फाइंडबग्जच्या सूचना तपासण्याची कंपनीव्यापी मोहीम घेतली. शेकडो अभियंत्यांनी हजारो सूचना पाहिल्या. बहुतेक सूचना दुरुस्तीयोग्य ठरल्या. पण प्रत्यक्ष वापरात गंभीर बिघाड करणाऱ्या थोड्याच निघाल्या. दुसरा अनुभव फेसबुकचा. तेथे 'इन्फर' या विश्लेषकाने काढलेल्या दोषांच्या याद्या अभियंत्यांना स्वतंत्रपणे दिल्या, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. तेच विश्लेषण संहितेतील बदल परीक्षणासाठी सादर होतानाच दाखविले, तेव्हा ते ७० टक्क्यांवर गेले. विश्लेषक तोच, खोट्या ठपक्यांचे प्रमाणही तेच. बदलली ती केवळ सूचनेची वेळ. लिहिणाऱ्याच्या मनात संहितेचा संदर्भ ताजा असताना दुरुस्तीचे श्रम अल्प असतात, हे यामागील कारण.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्थितिक विश्लेषणाची परिणामकारकता नियमांच्या संख्येपेक्षा सूचनेच्या वेळेवर आणि तिच्या विश्वासार्हतेवर अधिक अवलंबून असते. ज्या नियमांत खोट्या ठपक्यास जवळजवळ वाव नाही, त्यांचीच सक्ती इष्ट. उरलेल्या सूचना परीक्षकाच्या विवेकावर सोडाव्यात. जुन्या संहितेतील हजारो सूचनांचा ढीग एकदम पुढे ठेवण्यापेक्षा नव्या बदलांपासून प्रारंभ करणे फलदायी ठरते. हाच विचार अध्यापनासही लागू पडतो. विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिकातील दोष सत्राअखेरीस गुणपत्रिकेत कळण्यापेक्षा संहिता लिहीत असताना, कारणासह कळला, तर त्यातून शिस्त रुजते. अन्यथा विद्यार्थी साधनाला चुकविण्याची कलाच तेवढी आत्मसात करतो.