अपील आणि स्थगिती : २४ जून १९७५ च्या एका आदेशाची कथा

१/ १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली आणि २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली, हे सर्वश्रुत आहे. या दोन तारखांमधले दिवस मात्र वरवर कोरड्या वाटणाऱ्या एका प्रश्नाभोवती फिरत होते : अपील प्रलंबित असताना खालच्या न्यायालयाच्या निकालाचा अंमल थांबतो का, आणि थांबला तर कितपत?

२/ आधी दिवाणी कायद्याचा मूळ नियम पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ४१, नियम ५ सांगतो की केवळ अपील दाखल झाले म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. यामागचे कारण व्यावहारिक आहे. अपील म्हणजेच स्थगिती असे मानले, तर हरलेला प्रत्येक पक्षकार केवळ वेळ काढण्यासाठी अपील करील आणि जिंकलेल्याच्या हाती कागदाखेरीज काहीही उरणार नाही.

३/ दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वादग्रस्त घर पाडून झाल्यावर अपील मंजूर झाले, तर त्या विजयाचा उपयोग काय? म्हणून अपिलीय न्यायालयाला स्थगितीचा अधिकार दिला गेला. मात्र मूळ न्यायालयाच्या हुकूमनाम्याला स्थगिती हवी असेल, तर तीन गोष्टी दिसाव्या लागतात : अंमलबजावणीने मोठी हानी होईल, अर्ज विनाविलंब केलेला आहे, आणि अर्जदाराने तारण दिले आहे.

४/ निवडणूक याचिका हा नेहमीचा दिवाणी दावा नव्हे. पण तिची सुनावणी शक्य तितकी दिवाणी प्रक्रियेप्रमाणेच चालते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उच्च न्यायालयाचा आदेश उच्चारताक्षणी लागू होतो. त्याला स्थगिती देण्याची तरतूद कलम ११६-ब मध्ये आहे. तिचा परिणाम विलक्षण आहे : स्थगिती मिळाली की तो आदेश कधी लागू झालाच नव्हता, असे मानले जाते.

५/ आता प्रकरणाकडे. १९७१ मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी यांनी राजनारायण यांचा १ लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. राजनारायण यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी दोन मुद्द्यांवर भ्रष्ट आचार सिद्ध मानला : सरकारी सेवेत असताना यशपाल कपूर यांची घेतलेली मदत, आणि सभांची व्यासपीठे व वीजपुरवठा यांसाठी राज्य सरकारी अधिकाऱ्यांचा केलेला वापर. निवड रद्द झाली आणि सहा वर्षांची अपात्रताही आली.

६/ त्याच दिवशी सिन्हा यांनी आपल्याच आदेशाला २० दिवसांची स्थगिती दिली. तिला एक मर्यादा होती. २० दिवस संपताच किंवा सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल होताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा ती संपणार होती. म्हणजे अपील केल्याने संरक्षण मिळणार नव्हते. उलट असलेले संरक्षण सुटणार होते. अपिलाबरोबर नवी स्थगिती मिळवणे अपरिहार्य होते.

७/ सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी होती. सुटीतील न्यायमूर्ती होते व्ही. आर. कृष्ण अय्यर. इंदिरा गांधी यांच्या वतीने मुंबईचे नानी पालखीवाला उभे राहिले, तर राजनारायण यांच्या वतीने शांतिभूषण. पालखीवालांची मागणी निरपवाद स्थगितीची होती. राजनारायण यांच्या बाजूने स्थगितीलाच विरोध झाला.

८/ २४ जूनचा आदेश या दोहोंच्या मधला होता. स्थगिती मिळाली, पण सशर्त. इंदिरा गांधी यांनी लोकसभेत यावे, हजेरीपटावर सही करावी. मात्र सदस्य म्हणून कामकाजात भाग घेऊ नये, मत देऊ नये, सदस्याचे वेतनही घेऊ नये. पंतप्रधान म्हणून दोन्ही सभागृहांत बोलण्याचा अधिकार मात्र अबाधित राहिला. निवडणूक प्रकरणांत अशा सशर्त स्थगितीची प्रथा आधीपासून होती.

९/ या आदेशाचे मर्म एका भेदात आहे. स्थगितीने निकालाचा परिणाम थांबतो; निकालातील निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. ते अपिलात पुसले जाईपर्यंत कायम राहतात. कायद्याच्या दृष्टीने पद सुरक्षित होते. राजकारणाच्या दृष्टीने मात्र मताधिकार नसलेला पंतप्रधान हे चित्र दुबळे होते, आणि विरोधकांनी राजीनाम्याची मागणी अधिकच तीव्र केली.

१०/ २५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली. त्याच रात्री आणीबाणीचा घोषणापत्रावर राष्ट्रपतींची सही झाली. राजनारायण अटकेत गेले. पालखीवालांनी निषेध म्हणून वकीलपत्र परत केले. अपील प्रलंबित होते, पण ते लढणाऱ्यांची परिस्थिती एका रात्रीत पालटली होती.

११/ ऑगस्टमध्ये संसदेने निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवड न्यायालयीन कक्षेबाहेर नेण्याचा प्रयत्न केला. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या दुरुस्तीतील संबंधित खंड रद्द केला. पण बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड वैध ठरवली. पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड या पीठावर होते.

१२/ स्थगितीचे तत्त्व एका गृहीतकावर उभे आहे : अपिलाचा निर्णय होईपर्यंत वादाचा विषय जसाच्या तसा राखला जाईल. दिवाणी दाव्यात त्यासाठी तारण घेतात. १९७५ च्या प्रकरणात न्यायालयाने मताधिकार रोखून समतोल साधला. परंतु ज्या कायद्यावर निकाल लागला होता तो कायदाच अपीलदाराच्या पक्षाचे बहुमत असलेल्या संसदेने बदलला. अशा प्रसंगासाठी आदेश ४१ मध्ये कोणतेही तारण सांगितलेले नाही.