‘स्टिल ट्रायिंग’: लॉगमधल्या एका ओळीचा इतिहास

आजचा भाग एका ओळीबद्दल आहे. लिनक्सवर नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस वापरत असाल, तर कर्नलच्या लॉगमध्ये ती कधी ना कधी दिसतेच: ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’. आणि ती दिसते तेव्हा टर्मिनल गोठलेलं असतं, एलएस टाइप केलं तरी ढिम्म हलत नाही.

ही ओळ वाचून सगळे वैतागतात, मीही. पण तिच्यामागची गोष्ट कळल्यापासून मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागलाय.

तर, 1984-85. अमेरिकेतली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी. डिस्क महाग, म्हणून अनेक वर्कस्टेशनना स्वतःची डिस्कच नसायची, सगळ्या फाइली एका सर्व्हरवर. मग प्रश्न आला: सर्व्हर मध्येच बंद पडला तर बाकीच्यांनी काय करायचं?

सनचं उत्तर असं, की सर्व्हरने क्लायंटबद्दल काही लक्षातच ठेवायचं नाही. कोणती फाइल, कितव्या बाइटपासून, किती बाइट, हे सगळं प्रत्येक विनंतीतच लिहिलेलं असणार. सर्व्हर पडून परत उठला, तरी क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवायची. बस्स. याची किंमत एकच: क्लायंटच्या बाजूने बघितलं तर मेलेला सर्व्हर आणि नुसता मंद सर्व्हर यात काही फरकच दिसत नाही.

आता ती ओळ परत वाचा. ‘सर्व्हर बंद पडला’ असं ती म्हणत नाही. उत्तर येत नाहीये, मी प्रयत्न करतोय, एवढंच. क्लायंटला जेवढं माहीत आहे तेवढंच. सर्व्हर परतला की ‘सर्व्हर ओके’ अशी जोडीची ओळ येते. लिनक्समध्ये प्रत्येक विनंतीसोबत एक छोटी खूण असते, ‘याची तक्रार लिहून झाली’ अशी. त्यामुळे तीच विनंती पुन्हा रडत नाही, आणि जिने तक्रार केली तीच ‘ओके’ लिहिते. (अर्थात पूर्वी शंभर विनंत्या अडकल्या तर शंभर ओळी यायच्या.)

जाता जाता: टाइमओ हा माउंटचा पर्याय सेकंदात नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. टीसीपीवर डीफॉल्ट 600, म्हणजे 60 सेकंद. तिथे 30 लिहिणाऱ्याला तीस नाही, तीन सेकंद मिळतात.

हे कायम प्रयत्न करत राहणं म्हणजे हार्ड माउंट. त्यात अडकलेला प्रोग्राम बरीच वर्षं धड मारताही येत नसे. त्यासाठी ‘इंटर’ नावाचा पर्याय होता. 2008 मध्ये आलेल्या लिनक्स 2.6.25 पासून तो निकालात निघाला आणि किल मायनस नाइन सरळ चालायला लागलं.

मग लोक सॉफ्ट माउंटकडे वळतात. ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट हात टेकतो, लॉगमध्ये ‘टाइम्ड आउट’ लिहितो आणि प्रोग्रामला एरर देतो. ऐकायला छान. पण तो एरर बघतंय कोण? एनएफएसवर राइट केलेला डेटा आधी क्लायंटच्या मेमरीत थांबतो, त्यामुळे अपयश बऱ्याचदा एफसिंक किंवा क्लोज करताना समोर येतं. आणि क्लोजचा निकाल तपासणारे प्रोग्रामर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रोग्राम म्हणतो ‘झालं’, फाइल मात्र अर्धवट. सॉफ्ट माउंटमुळे डेटा गुपचूप बिघडू शकतो, असा इशारा एनएफएसच्या मॅन्युअलमध्येच आहे. माझं मत स्पष्ट आहे: खोट्या होकारापेक्षा गोठलेलं टर्मिनल परवडलं.

दुसरा प्रसिद्ध एरर, ‘स्टेल फाइल हँडल’. फाइल हँडल म्हणजे सर्व्हरने दिलेलं टोकन. त्यात आयनोड क्रमांक असतो आणि सोबत एक जनरेशन क्रमांक. फाइल डिलीट झाली आणि तोच आयनोड दुसऱ्या फाइलला मिळाला, तर जनरेशन बदललेला असतो आणि जुनं टोकन नाकारलं जातं. ही सोय नसती तर तुम्ही बिनधास्त दुसऱ्याच्या फाइलमध्ये लिहीत बसला असता! फाइल कुणी उडवली, कधी उडवली, हे सर्व्हर सांगत नाही. त्याने ते लक्षातच ठेवलेलं नसतं.

याचा नंबरही मजेशीर. 1989 च्या आरएफसी 1094 मध्ये, म्हणजे एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीच्या स्पेसिफिकेशनमध्ये, तो 70 आहे, बर्कलेच्या युनिक्समध्ये होता तोच. इंटेलवरच्या लिनक्समध्ये हाच एरर 116. म्हणून लिनक्सच्या एनएफएस कोडमध्ये एका नंबराचं दुसऱ्यात भाषांतर करणारा तक्ताच आहे. वायरशार्कमध्ये 70 आणि तुमच्या प्रोग्रामला 116 दिसला, तर गोंधळू नका, दोन्ही एकच. या संदेशात पूर्वी ‘एनएफएस’ हा शब्दही होता, ‘स्टेल एनएफएस फाइल हँडल’ असा. तो पुढे काढला, कारण तोच एरर इतर फाइल सिस्टिमही देऊ लागल्या होत्या आणि लोक उगाच एनएफएस शोधत बसायचे.