सौदीचा पगार की युरोपची चॅम्पियन्स लीग? फुटबॉलपटूंपुढचा पेच

22 ऑक्टोबर 2025. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाने सौदीच्या अल नास्रला चांगलंच झुंजवलं. गोवा 1-2 ने हरलं, पण ब्रायसन फर्नांडिसचा गोल गोवेकर विसरणार नाहीत. रोनाल्डो मात्र आलाच नाही. चाहते हिरमुसले!

ही स्पर्धा होती एएफसी चॅम्पियन्स लीग टू, म्हणजे आशियातली दुसऱ्या पातळीची क्लब स्पर्धा. मेख इथेच आहे. सौदीचे क्लब आशियाई महासंघात येतात. तिथे गेलं की युरोपची चॅम्पियन्स लीग बंद. रोनाल्डोने ती पाच वेळा जिंकली आहे.

मग खेळाडू जातात का? जून 2023 मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने चार मोठे क्लब ताब्यात घेतले. पगार अवाढव्य, वर त्यावर आयकर नाही. तिशी ओलांडलेल्याला हे परवडतं. ऐन भरातल्या खेळाडूचं तसं नाही: त्याच वर्षी अल हिलालने एम्बापेसाठी पीएसजीला 30 कोटी युरो देऊ केले, त्याने भेटायलाही नकार दिला.

आणि परतणंही सोपं नसतं. इंग्लंडचा जॉर्डन हेंडरसन सहा महिन्यांत सौदी सोडून आयाक्सला गेला, तरी युरो 2024 च्या संघात त्याचं नाव नव्हतं.