कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय? साइट उघडत नसेल तर आधी तारीख तपासा

अर्जाचा शेवटचा दिवस, नेट चालू, तरीही सरकारी पोर्टल उघडत नाही. अशा वेळी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष आधी बघा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर साइट अडवतो. डिजिटल सही अडकते, ऑथेंटिकेटर अॅप याच कॉम्प्युटरवर असेल तर त्याचे ३० सेकंदांचे कोडही जुळत नाहीत. मोबाइलवर मेसेजने येणाऱ्या ओटीपीचा मात्र या घड्याळाशी संबंध नाही.

वेळ किती चुकते, त्यावरून कारण ओळखा

- बरोबर साडेपाच तासांचा फरक: टाइम झोन चुकलाय. तो भारताचा, म्हणजे यूटीसी अधिक ५:३० ठेवा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तरी हाच फरक पडतो.
- वीज गेल्यावर किंवा प्लग काढल्यावर तारीख काही वर्षं मागे: मदरबोर्डवरचा सेल संपलाय.
- रोज थोडी थोडी चूक: घड्याळ नेटवरच्या टाइम सर्व्हरशी जुळत नाहीये.

काय करायचं?

१. तारीख, वर्ष आणि वेळ आधी हाताने बरोबर करा. फरक खूप मोठा, साधारण १५ तासांच्या वर असेल तर विंडोज स्वतःहून वेळ दुरुस्त करत नाही.

२. सेटिंग्जमध्ये 'डेट अँड टाइम' उघडा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा.

३. झालं नाही तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा. यादीत 'विंडोज टाइम' बंद दिसली तर 'स्टार्ट' करून पुन्हा सिंक करा.

४. तरीही अडलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा. तिथे जमलं, तर ऑफिसचा राउटर किंवा फायरवॉल यूडीपी १२३ हा पोर्ट अडवत असणार. नेटवाल्याला तो उघडायला सांगा.

५. कंट्रोल पॅनेलमधल्या 'इंटरनेट टाइम' टॅबमध्ये सर्व्हर बदलता येतो. आपल्याकडे एनआयसी आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांचे टाइम सर्व्हर आहेत. भारताची प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. सर्ट-इननेही २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना या सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे.

सेल बदलताना

डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल असतो. आधी प्लग काढा. जुना सेल कसा बसवलाय ते बघून अधिकची बाजू तशीच ठेवा. नंतर बायोसमध्ये तारीख भरा; तिथल्या बाकी सेटिंग मूळपदावर गेलेल्या असू शकतात, त्या तपासा. लॅपटॉप मात्र दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

सेवा केंद्र किंवा सायबर कॅफे चालवत असाल तर सकाळी मशीन सुरू करताना तारखेवर एक नजर टाका. ब्राउझरची धोक्याची सूचना डावलून पुढे जाऊ नका, आधी घड्याळ दुरुस्त करा.