वेशीवरचा परदेशी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. अळीव पेरून हिरवळ आणतात, आरशाच्या तुकड्याचे तळे करतात आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणे धाडतात. गेल्या वर्षी मी गेलो, तो दरवाजाशी भालाईत पहारेकरी आणि त्याच्यापुढे घोड्याचा लगाम धरून उभा असलेला एक दाढीवाला मातीचा पुतळा! "हा कोण रे?" मी विचारले. "परदेशी व्यापारी आहे, गुरुजी. याला आत घ्यायचा की नाही, यावरून आमचे भांडण चालले आहे."

मला हसू आले. पण घरी परतताना ते मावळले. कारण हेच भांडण आमच्या या नगरात एकदा खरोखरीच झाले होते आणि त्यात रक्ताचे पाट वाहिले होते.

आज परदेशी जायचे तर पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो. निजामशाहीत असले कागद नव्हते. परंतु कोणाला थारा द्यावा, कोणाला चाकरीस ठेवावे आणि कोणाला घालवून द्यावे, हे प्रश्न होतेच. त्यांच्या उत्तरांवर बाजार चालत, तह होत आणि मोडतही.

या साऱ्याच्या मुळाशी होता घोडा! दख्खनच्या फौजांना उमदा घोडा हवा असे आणि तो येई अरबस्तानातून व इराणातून, समुद्रमार्गे. इ. स. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला. "मुसलमान हो, म्हणजे घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो," असे सांगून त्याला चार दिवसांची मुदत दिली. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली! शेवटी खुरासानहून आलेल्या एका गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा त्याची सुटका झाली. परक्या मुलखात परक्याला परकाच उपयोगी पडला.

त्या वेळी बहमनी राज्याचा कारभार महमूद गावानच्या हाती होता. हाही इराणातील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने आला आणि वजीर झाला. दख्खनी सरदारांना ते सलत होते. त्यांनी खोट्या पत्राचा डाव रचला आणि १४८१ साली गावानचे शीर उडाले. या कटातील प्रमुख होता मलिक हसन. त्याचाच मुलगा मलिक अहमद. त्याने १४९० साली निजामशाहीची स्थापना केली आणि पुढे चार वर्षांनी अहमदनगर वसविले. सरकारदप्तरी आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. आम्ही मात्र पूर्वीपासून नुसते 'नगर' म्हणतो.

म्हणजे आपले-परके या भांडणातून जन्मलेले हे राज्य! तथापि अहमदाचा मुलगा बुऱ्हाण याने दारे उघडी ठेवली. इराणच्या शहाची मर्जी खपा झाल्याने परागंदा झालेला शाह ताहीर हा विद्वान नगरला आला. बुऱ्हाणाने त्याला केवळ आसरा दिला नाही, तर आपला सल्लागार केले. त्याच्या उपदेशाने १५३७ साली शिया पंथही स्वीकारला. मग इराणच्या दरबाराशी वकिलातीचे दळणवळण सुरू झाले. १५४५ साली नगरचा वकील म्हणून जो खुर्शाह इराणला पोहोचला, तो स्वतः तिकडचाच मनुष्य होता. १५४९ साली नगरात 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली गेली, ती ओतणारा रूमीखान तुर्कस्तानकडचा. कसब आणि ओळखीपाळखी, दोन्ही या लोकांबरोबर वेशीतून आत आल्या.

समुद्रावरचा पहारेकरी मात्र दुसराच होता. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ नसेल, तर जहाज लुटले जाई. अरबी घोड्यांची गलबते ते गोव्याकडे वळवीत. घोड्यांवाचून बुऱ्हाणाचे अडले, तेव्हा १५२१ साली त्याने चौलजवळ रेवदंड्यास पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला. घोड्यापायी घरात घेतलेला हा पाहुणा पुढे निघता निघेना. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने मोठा वेढा घालून पाहिला, व्यर्थ! शेवटी तह करावा लागला. तेव्हा आलेला प्रत्येक परदेशी भल्यासाठीच येतो, असेही नव्हे. आश्रय मागणारा वेगळा आणि तोफा घेऊन येणारा वेगळा, हे राज्यकर्त्याने ओळखले पाहिजे.

ती ओळख नगरने गमावली. मोठमोठ्या जागा परदेशी पटकावतात, ही दख्खनी सरदारांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. १५८९ साली मिर्झाखान या परदेशी सरदाराने तरुण सुलतान मीरान हुसेन याचा खून केला आणि ठिणगी पडली. जमालखानाने दख्खनी व हबशी लोकांना उठविले, किल्ल्याचे दार जाळले. मिर्झाखानाला शिक्षा झाली ती योग्यच; पण एकाच्या अपराधासाठी सात दिवसांत सुमारे हजार परदेशी कापले गेले. काहींना मात्र दख्खनी आणि हबशी सरदारांनीच आपल्या पाठीशी घालून वाचविले, हेही विसरता कामा नये. आणि गंमत अशी, की मारणाऱ्यांतले हबशी तरी कोठले? तेही समुद्रापलीकडचेच, बहुतेक गुलाम म्हणून विकत आणलेले. कालचा आलेला आजच्या आलेल्याला दार लावीत होता!

वाचलेल्यांनी विजापूरची वाट धरली. त्यांत एक तरुण होता, कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा, लहानपणीच बापाबरोबर नगरला आलेला. त्याचे नाव फेरिस्ता. पुढे त्याने आदिलशहाच्या आश्रयाने दख्खनचा इतिहास लिहिला. नगरच्या त्या सात दिवसांची हकीकत आज आपण वाचतो, ती त्याचीच. ज्याला आपण हाकलून देतो, तो आपली वही बरोबर घेऊन जातो!

पुढे काय झाले? सरदारांची आपसांत फाटाफूट झाली. १५९५ साली मियाँ मंजू या दख्खनी सरदारानेच मोगलांना बोलावणे धाडले. चांदबिबीने किल्ला लढविला, पण वऱ्हाड द्यावा लागला; १६०० साली ती गेली आणि किल्लाही गेला.

बुडते राज्य सावरले कोणी? हबसाणात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबराने! त्याने मराठ्यांना जवळ केले. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीस तलावाचे पाणी सोडून त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांची दाणादाण उडविली, तेव्हा त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. परका आणि घरचा एका निशाणाखाली उभे राहिले, तेव्हाच त्या राज्याला पुन्हा बळ आले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा किल्ला पाहायला गेलो. व्यापारी आत बाजारपेठेत उभा होता. "मग काय ठरले?" मी विचारले. सर्वांत धाकटा म्हणाला, "आधी पहारेकऱ्याने त्याची चौकशी केली, गुरुजी. मग आत घेतला. घोडा बाहेर ठेवून कसे चालेल?"